किडा की कोळी? आधी पाय मोजा, मग औषध मारा



खोडकीड, हुमणी, लोकरी मावा यांच्याविषयी आपल्या या पत्रिकेतून वेळोवेळी पुष्कळ लिहून आलेलं आहे. आज ज्या जिवाबद्दल लिहितो आहे तो या सगळ्यांपेक्षा लहान आहे. टाचणीच्या डोक्यावर आठ-दहा सहज मावतील एवढासा. नाव कोळी. जाळं विणून माशा धरणारा घरातला कोळी नव्हे, तर पिकाच्या पानाखाली राहून रस शोषणारा कोळी. हा जीव ओळखता न आल्यामुळं माझं नुकसान झालं. ते माझ्यापुरतं राहू नये, चार सभासदांना त्याचा उपयोग व्हावा, एवढ्यासाठी हा लेखनप्रपंच.

आमचं घर कोल्हापुरात शिवाजी पेठेत आणि रान करवीर तालुक्यात नदीकाठाला. घर पेठेत आणि ऊस नदीला, अशी बरीच कुटुंबं पेठेत आहेत. रोज सकाळी दूध काढून झालं की रानात जायचं, हा आमचा पिढीजात रिवाज.

२०१८ च्या उन्हाळ्यातली गोष्ट. उसाला लागून १२ गुंठ्यांत वांगी लावली होती. एप्रिलच्या सुरुवातीला पानांवर सुईनं टोचल्यासारखे पांढुरके ठिपके दिसायला लागले. मला वाटलं, तुडतुडे असतील. एका औषध दुकानात पान दाखवलं. दुकानदारानं पान हातात न घेताच एक कडक औषध दिलं आणि म्हणाला, "मारा बिनघोर, एका फवाऱ्यात साफ होतंय." मारलं. आठवड्याभरात ठिपके दुप्पट झाले. पुन्हा गेलो, तर त्याहून कडक औषध मिळालं. तेही मारलं. तिसऱ्या खेपेला दोन औषधं एकत्र करून मारली. मे उजाडला तेव्हा पानांच्या खाली तलम जाळी पसरली होती, शेंड्यांवर धूळ बसल्यासारखं दिसत होतं आणि निम्मी वांगी तांबडी पडून जळाल्यासारखी झाली होती. औषध, गडी आणि पंपाचं तेल मिळून साडेसहा हजार रुपये मातीत गेले होते.

त्याच दिवसांत घरी आईच्या गुलाबाच्या कुंडीवरही तसेच ठिपके आले होते. आईनं काही दुकान गाठलं नाही. रोज सकाळी नळाची रबरी नळी बोटानं दाबून धरायची आणि पाण्याची धार पानांच्या पाठीमागून जोरात मारायची. "धूळ बसलीया त्येच्यावर," एवढंच तिचं म्हणणं. पंधरा दिवसांत गुलाबाला नवी, स्वच्छ पानं फुटली. माझी १२ गुंठे वांगी औषध पिऊन वाळली आणि तिचा गुलाब नुसत्या पाण्यावर सुधारला. हे कोडं काही सुटेना.

सोडवलं ते पुतण्यानं. तो कृषी महाविद्यालयात शिकत होता. गुजरीत सोनार डोळ्याला लावतात तसलं दहापट मोठं दाखवणारं भिंग त्यानं आणलं आणि वांग्याचं पान उलटं करून माझ्या हातात दिलं.

"काका, पाय मोजा बघू."

मोजले. आठ.

"किड्याला किती असतात?"

"सहा."

"मग हा किडाच नव्हे. तुम्ही दीड महिना किड्याचं औषध मारताय."

एवढ्या दोन वाक्यांत माझ्या साडेसहा हजारांचा हिशेब लागला.

कोळी म्हणजे काय?

कोळी हा गोचिडाचा भाऊबंद. गाई-म्हशीच्या अंगावरचा गोचीड, विंचू, घरातला कोळी आणि पिकावरचा कोळी ही सगळी एकाच मोठ्या गोतातली मंडळी. पूर्ण वाढ झाल्यावर पाय आठ, पंख नाहीत आणि डोक्यावर मिशाही नाहीत. अंड्यातून नुकत्याच निघालेल्या पिल्लाला मात्र सहाच पाय असतात, म्हणून पाय मोजताना मोठा कोळी शोधावा.

त्याचं तोंड सुईसारखं असतं. पानाच्या पेशीत ती सुई खुपसून तो आतला हिरवा रस ओढून घेतो. रिकाम्या झालेल्या पेशींचा पांढुरका ठिपका होतो. असे हजारो ठिपके एकमेकांना मिळाले की पान आधी फिकट, मग तांबूस आणि शेवटी करपल्यासारखं दिसतं.

वांगी, भेंडी, गुलाब यांच्यावर येणारी लाल कोळ्याची मादी साधारण अर्धा मिलिमीटर लांबीची असते. उन्हाळ्याच्या तापात अंड्यापासून पूर्ण कोळी व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. एक मादी आपल्या आयुष्यात शंभराच्या आसपास अंडी घालते. हिशेबापुरतं धरा की त्यातल्या ५० माद्या जगल्या. दुसऱ्या पिढीला त्यांच्या अडीच हजार झाल्या आणि तिसऱ्या पिढीला सव्वा लाख. आठवड्यात ठिपके दुप्पट का झाले, ते यावरून ध्यानात येईल. शिवाय नराशी संबंध न येताही मादी अंडी घालते. त्या अंड्यांतून नर निघतात आणि वंश पुढं चालू राहतो. पान वाळायला लागलं की कोळी शेंड्यावर गोळा होतात आणि तलम धाग्याला लोंबकळत वाऱ्यानं पुढच्या सरीत जातात. आपल्या कपड्यांवरून आणि बुट्ट्यांवरूनही जातात.

कडक औषधानं कोळी वाढतो कसा?

हीच या लेखातली मुख्य गोष्ट आहे, म्हणून सभासदांनी नीट लक्ष द्यावं.

सव्वा लाखाचा जो हिशेब वर मांडला, तो एरवी रानात प्रत्यक्षात येत नाही. कारण कोळी खाणारे जीव त्याच पानावर राबत असतात. मोहरीपेक्षा लहान असा एक काळा भुंगा आहे, तो आणि त्याची अळी दोघंही कोळ्यावरच जगतात. काही फुलकिडे कोळी खातात. आणि कोळी खाणारे कोळीसुद्धा आहेत. हे शिकारी कोळी चकचकीत, लंबगोल आणि चपळ असतात. पिकावरचा कोळी सावकाश सरकतो, शिकारी कोळी पानावर धावत सुटतो.

आपण जेव्हा सायपरमेथ्रीन किंवा फेनव्हॅलरेट यांच्यासारखं कडक कीटकनाशक मारतो, तेव्हा हे राखणदार आधी मरतात. पानाखाली जाळीच्या आडोशाला असलेला कोळी बराचसा शिल्लक राहतो. राखणदार मेला आणि चोर राहिला, मग घर कसं राहणार? जगभर हा अनुभव आलेला आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिका-युरोपातल्या सफरचंदाच्या बागांत डी.डी.टी. मारायला सुरुवात झाली. तोवर किरकोळ समजला जाणारा कोळी त्यानंतर बागायतदारांची मोठी डोकेदुखी होऊन बसला. उलट बाजूही पाहा. १९५८ साली चिली देशातून जर्मनीला गेलेल्या ऑर्किडच्या झाडांवर एक शिकारी कोळी सापडला. आज तो मुद्दाम वाढवून जगभरच्या काचघरांतून पिकांवर सोडला जातो.

आपल्यालाही हा धडा नवा नाही. २००२ साली सांगली जिल्ह्यात उसावर लोकरी मावा दिसला आणि बघता बघता आपल्या सगळ्या ऊसपट्ट्यात पसरला. त्या वेळी किती पंप मारले, किती पैसे घातले, ते ज्याचं त्याला माहीत. मावा आटोक्यात आणण्यात शेवटी मोठा वाटा ठरला तो डिफाच्या अळीचा आणि मायक्रोमसचा. एका रानातली मित्रकीटकांची पानं तोडून दुसऱ्या रानात नेऊन बांधलेली अनेक सभासदांना आठवत असतील. तेच जीव आपण माळव्यावरच्या फवाऱ्यानं मारत असतो.

माझ्या बाबतीत आणखी एक गोष्ट घडली. वांग्याच्या शेजारच्या उसात खोडकिडीसाठी ट्रायकोकार्डं लावून आठवडाही झाला नव्हता. त्या कार्डांतून निघणारी बारीक माशी खोडकिडीच्या अंड्यातच आपलं अंडं घालते आणि कीड जन्मायच्या आधी संपवते. संध्याकाळच्या वाऱ्यावर माझ्या कडक औषधाचा फवारा त्या उसावर गेला. एका हातानं मित्र पेरले आणि दुसऱ्या हातानं मारले, असा तो प्रकार झाला.

आपल्या पिकांवरचे कोळी

(१) वांगी, भेंडी, गुलाब : लाल कोळी. पांढरे ठिपके, पानाखाली जाळी. जोर मार्च ते मे.

(२) मिरची : पिवळा कोळी. हा लाल कोळ्याच्याही निम्म्यानं लहान, काचेसारखा पिवळट असतो. भिंगाशिवाय दिसतच नाही आणि जाळीही करत नाही. कोवळ्या शेंड्यावर राहतो. पानाच्या कडा खाली वळतात, पान उलट्या होडीसारखं होतं आणि देठ लांबतो. आपण याला सरसकट चुरडा-मुरडा किंवा बोकड्या म्हणतो आणि एकच औषध मारतो. पण फुलकिड्यांनी मुरडलेल्या पानाच्या कडा वर वळतात. पांढऱ्या माशीनं आणलेला विषाणूरोग असेल तर पान बारीक होतं, शिरा जाड होतात आणि झाड खुरटतं. तिन्हींचा इलाज वेगळा. पिवळा कोळी पांढऱ्या माशीच्या पायाला चिकटून एका झाडावरून दुसऱ्या झाडावर जातो, हेही ध्यानात असावं.

(३) ऊस : उसावर मुख्यतः दोन प्रकारचे जाळी करणारे कोळी दिसतात. पहिला ज्वारीवर येतो तोच. पानाच्या खालच्या बाजूला मधल्या शिरेच्या कडेनं जाळी करतो. खालच्या जुन्या पानांपासून सुरुवात होते आणि पानावर तांबूस पट्टे पडतात. उसाच्या बांधाला वैरणीचं कडवळ असेल तर तिथून तो उसात येतो. दुसरा कोळी पानाखाली पांढऱ्या जाळीच्या बारीक टिकल्या ओळीनं करतो आणि प्रत्येक टिकलीखाली एकेक कुटुंब नांदत असतं. कांडीला कवटाळणाऱ्या पानाच्या देठावर आतून बारीक फोड दिसले, तर तेही एका सूक्ष्म कोळ्याचंच काम असतं. ते पाहून घाबरण्याचं कारण नाही.

(४) बांधावरची तूर : झाड हिरवंगार, झुडपासारखं वाढलेलं, पण फूल नाही आणि शेंग नाही, असा वांझ रोग आपण पाहतो. हा विषाणूचा रोग असून तो पसरवणारा सूक्ष्म कोळी अळीसारखा लांबट असतो. त्याला चारच पाय असतात. १९३१ साली बिहारमधल्या पुसा इथे या रोगाची नोंद झाली. असं झाड दिसताच उपटून नष्ट करावं. गेल्या हंगामातलं आपोआप उगवलेलं तुरीचं झाडही ठेवू नये. याच चारपायी कुळातल्या एका कोळ्यानं १९९८ मध्ये केरळात नारळ धरला आणि पुढं तो इतर राज्यांतल्या बागांत पसरला.

उसात फसगत होते ती इथं

उसाचं पान तांबडं दिसलं की आपण लगेच तांबेरा म्हणतो. तांबेरा हा बुरशीचा रोग आहे. पान बोटानं पुसलं तर नारिंगी-तपकिरी भुकटी बोटाला लागते. कोळी असेल तर पानाची खालची बाजू ओल्या बोटानं चोळावी. चिरडलेल्या कोळ्यांचा तांबूस ओला डाग बोटावर उमटतो. लोकरी मावा असेल तर पांढरी लोकर लांबूनच दिसते आणि खालच्या पानांवर चिकटा व काळी बुरशी धरलेली असते. यातलं काहीच नसेल, तर पाण्याचा ताण किंवा खताची उणीव असू शकते. त्याला कुठलंही औषध मारून उपयोग नाही.

दुसरी सोपी परीक्षा कागदाची. पांढरा कागद पानाखाली धरावा आणि पानावर दोन-तीन टिचक्या माराव्यात. कागदावर धूळ पडल्यासारखं दिसेल. अर्धा मिनिट थांबावं. ठिपके चालायला लागले तर कोळी आहे. सावकाश चालणारे किती आणि धावणारे किती, तेही पाहावं. धावणारे भरपूर असतील तर पंप घरीच ठेवावा. रानात पाच ठिकाणी, विशेषतः रस्त्याकडेच्या ओळींत, ही परीक्षा करावी.

मग उपाय काय?

औषधाच्या आधीचे उपाय बिनखर्चाचे आहेत.

पाण्याची पाळी चुकवू नये. ताण बसलेल्या पिकावर कोळी जोमानं वाढतो. युरिया बेतानं द्यावा, कारण नत्रानं लुसलुशीत झालेलं पान कोळ्याला मानवतं. धुळीच्या रस्त्याकडेला कोळी जास्त असतो. उसाच्या गाड्या आणि ट्रॅक्टर जिथून जातात त्या कडेच्या ओळींवर नजर ठेवावी. जास्त किडलेली खालची पानं काढून पिशवीत भरून रानाबाहेर न्यावीत आणि पुरावीत. ती सरीत टाकली तर कोळी चालत पुन्हा झाडावर येतो. बांधावरचं तण काढावं. परसातल्या आणि कुंडीतल्या झाडांना आईचा उपाय करावा, म्हणजे पानाच्या पाठीमागून पाण्याची जोरदार धार. तिनं नकळत कोळी, अंडी आणि जाळी धुऊन काढली होती.

सुरुवातीला पाच टक्के निंबोळी अर्क मारावा. ५ किलो निंबोळीची भरड रात्रभर पाण्यात भिजत घालून, सकाळी फडक्यानं गाळून १०० लिटर द्रावण करावं.

त्यानं भागलं नाही तर पाण्यात मिसळणारं ८० टक्के गंधक, १० लिटर पाण्याला २० ते ३० ग्रॅम, या प्रमाणात मारावं. मात्र भर उन्हात मारू नये, पान करपतं. उन्हाळ्यात ऊन उतरल्यावरच मारावं. तेलयुक्त फवारणी झाली असेल तर दोन आठवडे गंधक मारू नये. काकडी, दोडका या वेलवर्गाला गंधक सोसत नाही, हेही पाहावं.

शेवटचा उपाय कोळीनाशकाचा. स्पायरोमेसिफेन, फेनपायरोक्झिमेट, प्रोपरगाईट ही आजची कोळीनाशकं. औषध कोणत्या पिकासाठी आहे, प्रमाण किती, फवारणीनंतर किती दिवसांनी माल तोडायचा, हे सगळं डब्यावरच्या कागदात लिहिलेलं असतं. ते वाचूनच घ्यावं. एकच औषध सारखं मारू नये. कोळ्याच्या पिढ्या भराभर होत असल्यानं तो औषधाला लवकर सरावतो. दुसरी फवारणी लागलीच, तर आठ-दहा दिवसांनी वेगळ्या गटातल्या औषधाची करावी. आपल्या वडीलधाऱ्यांना माहीत असलेल्या डायकोफॉलवर केंद्र सरकारनं २०२३ मध्ये बंदी घातली आहे. जुना डबा घरात असेल तर तो वापरू नये आणि कुणाला देऊही नये. फवारताना पंपाचं तोंड वर करून पानाच्या खालच्या बाजूला औषध लागेल असं पाहावं. कोळी तिथंच असतो. तोंडाला फडकं आणि हातात मोजे हवेतच.

उसावरच्या कोळ्याला तर बहुतेक वेळा औषधाची गरजच पडत नाही. पाण्याची पाळी सांभाळावी आणि खालचं वाळलेलं पाचट काढावं. मृगाचा दमदार पाऊस झाला की कोळी आपोआप धुऊन जातो. मे महिन्यात उसाचं पान तांबूस दिसलं म्हणून घाईनं पंप उचलू नये. त्यानं लोकरी माव्याचे राखणदार मरतात आणि ट्रायकोकार्डं वाया जातात. मग पावसाळ्यात दुसरीच कीड डोकं काढते.

माझ्या वांग्याचं पुढं काय झालं, ते सांगतो. निम्मी रोपं उपटून पुरली. राहिलेल्यांची खालची पानं काढली, पाणी वेळेवर दिलं आणि संध्याकाळी गंधक मारलं, आठ दिवसांनी पुन्हा एकदा. कडक औषधाला हात लावला नाही. जूनमध्ये पाऊस लागला आणि सहा गुंठ्यांतली वांगी सुधारली. गेलेले पैसे परत आले नाहीत. पण पुढच्या उन्हाळ्यापासून त्या चुकीवर खर्च केला नाही.

एक सूचना करतो आणि थांबतो. आपल्या कारखान्याच्या प्रत्येक गट ऑफिसात दहापट मोठं दाखवणारं एक भिंग ठेवावं. सभासदानं किडलेलं पान कागदात गुंडाळून आणावं, शेतकी मदतनीसानं ते सभासदासमक्ष भिंगाखाली बघावं आणि मगच कोणतं औषध, की कोणतंच नाही, ते सांगावं. भिंगाची किंमत औषधाच्या एका डब्याहून कमीच असते. वार्षिक सभेत हा विषय मी मांडणार आहे. सभासदांनी पाठिंबा द्यावा, अशी विनंती आहे.

माझं भिंग आता घरी पंपाच्याच खुंटीला टांगलेलं असतं. पंप काढायला गेलं की आधी तेच हाताला लागतं. कळावे.

— एक ऊस उत्पादक सभासद, शिवाजी पेठ, कोल्हापूर